आप्पांची जाड तार

चोवीस वर्षांत आप्पांच्या घरात एकदाही फ्यूज उडाला नव्हता, आणि ही गोष्ट आप्पा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पाण्याच्या पेल्याबरोबरच ऐकवत. पाहुणा पाणी पीत असायचा, त्यामुळे त्याला मधे बोलता यायचं नाही. "लोक आठवड्यातून दोनदा स्टुलावर चढून फ्यूज बांधतात," आप्पा म्हणत. "आमच्याकडे स्टूल बसायला आहे."

खरंच होतं ते. आणि सगळी गोम त्यातच होती.

फ्यूज म्हणजे काय, तर चिनी मातीचा एक पांढरा ठोकळा आणि त्याच्या आत केसासारखी बारीक तार. घरात झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढला गेला की ती तार वितळते, लाइट जाते आणि भिंतीतली वायर जळायची वाचते. एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. पण लाइट गेलेली आप्पांना खपायची नाही. बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते ते. दुरुस्ती म्हणजे पुन्हा तक्रार येता कामा नये, हा खाक्या. त्यांनी ती बारीक तार काढून टाकली आणि वर्कशॉपच्या जुन्या वायरीतून सोडवलेली, विणायच्या सुईएवढी जाड तांब्याची तार तिथे आवळून बसवली. त्या दिवसापासून फ्यूज मुका झाला. उरलेल्या तारेचं वेटोळं बिस्किटाच्या डब्यात असायचं, आणि गल्लीत कुणाचा फ्यूज उडाला की आप्पा पक्कड घेऊन हजर. मजुरी वगैरे काही नाही. एक कप चहा, आणि "आप्पांचा हात लागला की पुन्हा बघायला नको" एवढं कानावर पडलं की स्वारी खूश.

या घरात धाकटी सून होती. थोरली तिच्या नवऱ्याबरोबर नोकरीच्या गावी राहायची, पण नाव पडलं ते पडलंच. घरात, गल्लीत, वाण्याकडे, सगळीकडे ती धाकटीच. कपड्यांच्या कारखान्यात आठ वर्षं तिनं फक्त कॉलर शिवल्या होत्या. दिवसाला चारशे कॉलर, आणि शर्ट कसा दिसतो ते बघायला मिळायचं ते रस्त्यानं जाणाऱ्याच्या अंगावर. मग एक दिवस तिनं कारखान्याला रामराम ठोकला, मोटरचं मशीन घेतलं आणि न्हाणीघराशेजारच्या मागच्या खोलीत स्वतःचं शिवणकाम थाटलं. खिडकीखाली मशीन, भिंतीला लागून कापडाचं लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्री. त्या खोलीत पाऊल टाकलं की तिच्या खांद्यावरचा भार उतरायचा. आता पहिलं मोठं काम आलं होतं: एका कँटीनचे साठ एप्रन, जाड कापडाचे, दोन दोन खिशांचे.

त्याच दिवसांत एका दुपारी ती खिसे दाबत बसली होती. इस्त्री चालू, मशीन चालू, स्वयंपाकघरात फ्रिज आणि मिक्सर चालू. आणि तिला वास आला. आधी वाटलं कापड करपलं. इस्त्री उचलून पाहिली, कापड ठीक. मग तिचं लक्ष सॉकेटकडे गेलं. पांढरं सॉकेट कडेनं तपकिरी झालं होतं. तिनं प्लग उपटला तर त्याची पिन बोटाला चटका देऊन गेली, आणि भिंतीला हात लावला तर भिंत तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखी. तशीच धावत ती पुढच्या दारापाशी गेली आणि फ्यूजकडे बघितलं. फ्यूज ढिम्म. एवढं रामायण झालं, भिंत शेकून निघाली, आणि राखणदाराला पत्ता नाही!

दुसऱ्याच दिवशी तिनं वायरमनबाईंना बोलावलं.

वायरमनबाई म्हणजे पन्नाशीची ठेंगणी बाई, कमरेला पक्कड, कानामागे टेस्टर, आणि बोलणं असं की समोरच्याला खुर्चीचा आधार घ्यावासा वाटावा. तिनं मेन स्विच बंद केला, फ्यूज ओढून काढला आणि आप्पांच्या नाकासमोर धरला.

"हे काय?"

"तार," आप्पा म्हणाले.

"ही तार? हिला बांधून ट्रक ओढता येईल!"

"चोवीस वर्षांत उडाला नाही," आप्पा छाती काढून म्हणाले.

"मग चोवीस वर्षं तुमच्या घराला राखणदारच नव्हता. उडायचं हेच त्याचं काम, आप्पा! तुम्ही त्याला झोपेची गोळी देऊन ठेवलीत." तिनं धाकटीकडे वळून सांगितलं, "जुनं सगळं काढून नवी पेटी बसवू. खोलीवार एमसीबी, म्हणजे छोटे खटके. ओढ जास्त झाली की ते पडतात. आणि त्या सगळ्यांच्या आधी एक मोठा खटका. तो फार चोखंदळ असतो बघ. एका वायरीतून करंट घरात जातो, दुसरीतून परत येतो. गेला तेवढा परत आलाच पाहिजे. मधेच कुठून जरासा गळाला, भिंतीतून, पाण्यातून, कुणाच्या अंगातून, की हा पडलाच म्हणून समज. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

धाकटीला ते पटकन कळलं. कारखान्यात कापड असंच दिलं जायचं: वजन करून द्यायचं, आणि शिवलेले नग अधिक चिंध्या असं वजन करून परत घ्यायचं. पन्नास ग्रॅम कमी भरलं तरी मुकादम लाइन थांबवायचा.

आप्पांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. त्यांनी साफ नाही म्हटलं असतं, पण माई, म्हणजे धाकटीच्या सासूबाई, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "बसवू दे तिला. मी हात लावून बघितलाय. भिंत गरम होती." माई फार कमी बोलायच्या, त्यामुळे त्या बोलल्या की आप्पांना उत्तर सुचायला वेळ लागायचा.

"ठीक आहे," शेवटी आप्पा म्हणाले. "पण बंबाला कुणी हात लावायचा नाही. तो मी केलाय."

बंबाबद्दल सांगायलाच हवं. पाच वर्षांपूर्वी माईंचे गुडघे धरले तेव्हा आप्पांनी वर्कशॉपच्या भंगारातून एक तांब्याचं पिंप आणलं, घासून लख्ख केलं, खाली तापायचा रॉड बसवला, लोखंडी पाइपानं नळाला जोडलं आणि न्हाणीघरात भिंतीवर टांगलं. विकतचा गीझर आणणं सोपं होतं. पण बायकोसाठी काहीतरी स्वतःच्या हातानं करावं असं आप्पांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं होतं, आणि माईंनाही ते माहीत होतं. त्या रोज सकाळी सातला त्या बंबाच्या पाण्यानं आंघोळ करायच्या आणि बाहेर येऊन म्हणायच्या, "छान तापलं होतं." पाच वर्षं, रोज. वायरमनबाईनं दोनदा विचारलं, "तेवढा उघडून बघू का?" आप्पांनी दोनदा दारात आडवा हात धरला.

नवी पेटी बसली. जाताना वायरमनबाई धाकटीला म्हणाली, "जुनं घर आहे. मोठा खटका पडेल सुरुवातीला. पडला की त्याला शिव्या घालू नकोस. तो काहीतरी सांगतोय. काय ते त्याला विचार."

तो दुसऱ्याच दिवशी पडला. सकाळी सव्वासातला, खट्! पंखा थांबला, फ्रिज थांबला, धाकटीची इस्त्री गार पडली आणि न्हाणीघरातून माईंचा आवाज आला, "अगं, लाइट गेली का?"

मंगळवारी पडला. बुधवारी पडला. आप्पांच्या अंगात तर दहा हत्तींचं बळ आलं. खट् झालं रे झालं की ते हातातला पेपर खाली ठेवत आणि छताकडे बघून म्हणत, "चोवीस वर्षांत एकदा तरी?" छत बिचारं काय बोलणार!

"तुझ्या इस्त्रीनं पडतो तो," त्यांचा निकाल तयार होता. "सकाळी सकाळी इस्त्री लावतेस, लगेच पडतो. आंधळ्यालाही दिसेल."

आणि दिसत तसंच होतं. धाकटी सातला इस्त्री तापवायची, सव्वासातला खटका पडायचा. तिचा नवरा ट्रक चालवायचा आणि शनिवारी घरी यायचा. त्यानं बापाचं ऐकून मान हलवली, मग बायकोचं ऐकूनही मान हलवली. मान मजबूत होती त्याची, पण उपयोग शून्य.

शनिवारी जेवताना आप्पांनी फर्मान काढलं. "उद्या दुपारपर्यंत हे थांबलं तर ठीक. नाहीतर तुझी नवी पेटी खाली आणि माझे फ्यूज वर, माझ्या तारेसकट."

"आप्पा, त्या तारेवर मी मशीन लावणार नाही," धाकटी म्हणाली. "भिंत जळताना मी पाहिलीय."

"नको लावूस. कारखान्यात मशिनं आहेतच की."

पुन्हा त्या कॉलर! तिनं ताट तसंच सरकवलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. साठांपैकी एकोणतीस एप्रन झाले होते. तिला रडू आलं, तिनं ते येऊ दिलं, आणि मग कापडाच्या कडेनं डोळे पुसून तिनं टेबलावरचे खडूचे आकडे बघितले.

कारण धाकटीनं एक गोष्ट केली होती. कारखान्यात मशीन सारखं धागा तोडायला लागलं की त्या लाइनवरच्या बायका मेकॅनिकला नुसतं "तुटतोय" असं सांगत नसत. कधी तुटला, कोणत्या कापडावर तुटला, हे टेबलावर खडूनं लिहून ठेवत. त्याच सवयीनं तिनं खटका पडला की टेबलाच्या कडेला निळ्या खडूनं वेळ लिहिली होती, आणि तेव्हा घरात काय काय चालू होतं तेही. सहा दिवसांत सहा वेळा. सगळ्या वेळा सात दहा ते साडेसातच्या मधल्या. आणि इस्त्री तर ती दुपारीसुद्धा तीन तीन तास चालवायची! दुपारी एकदाही पडला नव्हता.

तिनं वायरमनबाईंना फोन लावला. त्या कुठल्याशा शाळेच्या वायरिंगसाठी परगावी होत्या.

"ताई, सकाळीच पडतो. फक्त सकाळी."

"छोटे खटके पडतात का मोठा?"

"मोठा. छोटे सगळे वरच असतात."

"मग ओढ जास्त नाही झालेली. गळती आहे कुठेतरी. उद्या दिवसाउजेडी घरातले झाडून सगळे प्लग काढ. एक एक लाव, एकेकाला अर्धा तास दे. घाई करू नकोस, काही काही चोर ऊब लागल्याशिवाय बाहेर येत नाहीत. आणि ऐक, तपास चालू असताना कुणी नळाला, पाण्याला हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणीही."

रविवारी सकाळी चहा झाल्यावर धाकटीनं पदर खोचला आणि जाहीर केलं, "आज आंघोळी उशिरा. मी सांगेपर्यंत न्हाणीघरात कुणी जायचं नाही."

आप्पांनी दाराजवळ, पेटीच्या बरोबर समोर, स्टूल ठेवलं. त्यावर ते बसले. मांडीवर जुने फ्यूज, हातात स्क्रूड्रायव्हर, पायाशी बिस्किटाचा डबा. दुपार झाली की लगेच कामाला लागायचं म्हणून. नवरा पंख्याच्या प्लगपासून मिक्सरपर्यंत सगळं उपटत फिरला. निदान आज तरी त्याची मान सोडून हात हलले. माई खाटेवर बसून हे सगळं कौतुकानं बघत होत्या.

"इस्त्री आधी लाव," आप्पा म्हणाले. "उगाच सगळ्यांचा वेळ नको."

"तीच लावतेय," धाकटी म्हणाली.

इस्त्री लावली. पूर्ण तापवली. अर्धा तास झाला. मोठा खटका वर. आप्पांनी घड्याळ बघितलं. "आज सुट्टी आहे, व्होल्टेज वेगळं असतं," ते म्हणाले.

मशीन लावलं. खटका वर. तेवढ्या वेळात तिनं दोन एप्रन शिवून काढले. मग फ्रिज. मग पंखे, मिक्सर, टीव्ही. साडेअकराला तिनं सगळं एकदम चालू केलं. घरभर नुसती घरघर, मिक्सर रिकामाच ओरडतोय, टीव्हीवर कुणीतरी बातम्या देतोय, इस्त्री लाल दिवा मारतेय, आणि धाकटी मशीनवर पाय दाबून बसलीय. मोठा खटका तसूभर हलला नाही. शेजारीण दारातून डोकावली आणि विचारती झाली, "काय हो, घरात कारखाना काढला का?"

"काढलाच!" धाकटी आतून ओरडली. तिच्या आवाजात आता जोर चढला होता. "आप्पा, माझी इस्त्री सुटली का? निर्दोष?"

आप्पांना कबूल करणं भाग होतं, पण ते शब्दांत करायला ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "मग पडतो कशानं?" त्यांनी विचारलं.

धाकटीनं सगळं बंद केलं. घर एकदम शांत झालं. तिनं टेबलावरची खडूची यादी डोळ्यासमोर आणली. सकाळी सात ते साडेसात. या घरात सकाळी सातला चालू होतं आणि दुपारी बंद असतं असं एकच काय ते उरलं होतं. ते तिला काल रात्रीपासून माहीत होतं. म्हणायची हिंमत होत नव्हती इतकंच.

"बंब उरलाय," ती म्हणाली.

"नाही."

"आप्पा, सगळं लावून बघितलं."

"बंबाला हात लावायचा नाही असं ठरलंय. तो मी केलाय, मी! पाच वर्षं एक तक्रार नाही. विचार हिला." त्यांनी माईंकडे बोट केलं.

माईंनी आप्पांकडे बघितलं, मग धाकटीकडे. "लाव गं," त्या म्हणाल्या. "तक्रार नाही म्हणजे तपासायचं नाही असं थोडंच आहे."

आप्पांचा चेहरा पडला, पण ते स्टुलावरून उठले नाहीत. धाकटीनं बंबाचा स्विच दाबला आणि न्हाणीघराचं दार बाहेरून लावून घेतलं. खटका वर.

पाच मिनिटं गेली. आठ. आप्पांच्या मिशीखाली हसू फुटायला लागलं. त्यांनी बिस्किटाच्या डब्याचं झाकण उघडलं, तारेचं टोक चिमटीत धरलं आणि सरळ केलं. दहा मिनिटं. धाकटी घड्याळाकडे बघत राहिली. सगळं निर्दोष निघालं तर दोषी एकटी पेटी, आणि पेटी म्हणजे ती. एकतीस एप्रन झाले होते. उरलेले एकोणतीस कुठे शिवायचे? अकरा मिनिटं. बंबात पाणी सुं सुं करायला लागल्याचा आवाज आला.

खट्!

मोठा खटका खाली. बाकी सगळे छोटे वर. घरात दुसरं काही चालूच नव्हतं, ना इस्त्री, ना मशीन, ना पंखा. फक्त बंब.

"सापडला!" धाकटीनं अशी आरोळी ठोकली की शेजारीण पुन्हा धावत आली. "सापडला, सापडला! रॉडला चीर असणार, तापली की उघडते. ऊब लागल्याशिवाय चोर बाहेर येत नाही! माझी पेटी खरं बोलत होती!" तिनं नवऱ्याचा दंड धरून त्याला गरागरा फिरवलं. सहा दिवसांचं ओझं होतं ते, एका खट् सरशी उतरलं.

तारेचं टोक अजून आप्पांच्या चिमटीत होतं.

तेव्हा माई म्हणाल्या, अगदी सहज, वाटाणे सोलताना बोलावं तशा, "अगंबाई, म्हणजे मुंग्याही त्याच की काय?"

"कसल्या मुंग्या?" धाकटी थांबली.

"हाताला येतात ना माझ्या. पाणी चांगलं तापलं आणि मी नळ बंद करायला गेले की इथून इथपर्यंत." माईंनी मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. "डॉक्टर म्हणाले नस दबलीय. गोळ्या चालू आहेत की दोन वर्षं. पण आता बघ, लेकीकडे गेले की येत नाहीत. आणि रबरी चपला घालून आंघोळीला गेले तरी येत नाहीत. मला वाटायचं चपलांनी पाय गरम राहतात म्हणून. आणि या आठवड्यात एकदाही आल्या नाहीत. त्याआधीच लाइट जाते ना."



धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. करंट परत येत नव्हता. थोडा पाइपातून जात होता, आणि थोडा माईंच्या हातातून. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माईंच्या हातातून, रोज सकाळी सातला, दोन वर्षं. आणि भिंतीवर आप्पांचा मुका फ्यूज बसलेला. रॉडची चीर आणखी रुंदावली असती, तर त्या फ्यूजला त्याचं सोयरसुतकही नव्हतं. घरभर दिवे जळत राहिले असते आणि आत माई.

आप्पा उठले. उठताना मांडीवरचे फ्यूज खाली पडले, एक फुटला, त्यांनी बघितलंही नाही. त्यांनी मेन स्विच खाली ओढला, दोनदा तपासला आणि न्हाणीघरात गेले. कुणाची मदत घेतली नाही. अर्ध्या तासानं बाहेर आले ते बंबातला रॉड हातात घेऊन. वळणापाशी त्याला नखाएवढी चीर होती. दुसऱ्या हातात हिरव्या वायरीचा तुकडा होता, टोकाला काळी टेप गुंडाळलेला.

"अर्थिंगची आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "जोडायला भिंतीत जागा नव्हती. मी टेप लावून आत सारली. म्हटलं, हिच्यावाचून काय अडतंय. गरम पाणी तर येतंय."

ते माईंसमोर खाटेवर बसले, आणि इतक्या वर्षांत धाकटीनं न पाहिलेली गोष्ट झाली. आप्पांनी सगळ्यांदेखत माईंचा हात हातात घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत हलकेच चोळला. "तू बोलली का नाहीस?" ते म्हणाले.

"तुम्ही एवढं हौसेनं केलेलं," माई म्हणाल्या. "आणि पाणी खरंच छान तापायचं हो."

आप्पांचे डोळे भरून आले. धाकटीलाही आवरेना. नवऱ्यानं या वेळी मान नाही हलवली, खाली घातली.

संध्याकाळी आप्पांनी पेटीसमोर उभं राहून धाकटीला विचारलं, "ते टेस्टचं बटण म्हणतात ते कोणतं?" तिनं दाखवलं. त्यांनी दाबलं, खट् झालं, मोठा खटका पडला. त्यांनी वर केला, पुन्हा दाबला. चार वेळा. शेवटी टीव्ही बघणारा नवरा कुरकुरला तेव्हा आप्पांनी त्याला असं झापलं की विचारू नका. "गप बस! राखणदार जागा आहे का ते बघतोय!"

वायरमनबाई मंगळवारी आली. नवा रॉड बसला, अर्थिंगची वायर भिंतीतून जमिनीपर्यंत गेली. आप्पा शेजारी उभे राहून प्रत्येक स्क्रू मोजत होते आणि मधूनमधून "घट्ट आहे ना?" म्हणत होते. वायरमनबाईनं पाच वेळा "हो" म्हटलं आणि सहाव्या वेळी पक्कड त्यांच्याच हातात दिली. बुधवारी सकाळी सातला माई आंघोळीला गेल्या. धाकटीनं इस्त्री लावली, मशीन लावलं आणि शेवटच्या एप्रनचा खिसा सुईखाली घेतला. न्हाणीघराबाहेर आप्पा येरझारा घालत होते.

"मुंग्या?" त्यांनी दाराला तोंड लावून विचारलं.

"नाहीत हो!"

"नीट बघ. नळ बंद करून बघ."

"अहो, जा ना तिकडे! माणसाला आंघोळ करू द्या!"

खटका वर होता. साठावा एप्रन साडेआठला टेबलावरून उतरला, आणि दहाला साठच्या साठ कँटीनमध्ये पोचले. कँटीनवाल्यानं ओढून बघितले, उलटून बघितले, आणि पडदेही शिवाल का म्हणून विचारलं.

ती घरी आली तर आप्पा दारात तयार. पायात बूट, हातात बिस्किटाचा डबा. डबा रिकामा होता.

"चल," ते म्हणाले.

"कुठे?"

"एकोणीस घरं आहेत." त्यांनी गल्लीकडे हात केला. "एकोणीस घरांत माझी तार आहे. माझ्या हातानं बसवलीय. मला एकट्याला जायला तोंड नाही, तू चल. बारीक तार घे त्या वायरमनबाईकडून आणलेली, आणि काय सांगायचं ते तू सांग. मी काढतो."

दुपारभर ते दोघं दारोदार फिरले. आप्पा मेन बंद करत, स्टुलावर चढत, आपली जाड तार उपसून डब्यात टाकत. खाली उभी राहून धाकटी बारीक तार देत असे आणि सांगत असे, उडाला की घाबरायचं नाही, काय चालू होतं ते बघायचं, आणि जमलं की लवकर पेटी बसवून घ्यायची. दोन घरांत सॉकेट तपकिरी निघाली. एका घरात मिक्सरचं भांडं पुसताना झिणझिण्या येतात असं आजी म्हणाल्या, आणि आप्पांनी तो मिक्सर उचलून थेट काखेतच मारला. कुणी हसलं, कुणी "आता सारखी लाइट जाणार" म्हणून नाक मुरडलं. आप्पांनी कुणालाच उलट उत्तर दिलं नाही. डबा हळूहळू भरत गेला.

शेवटचं घर गल्लीच्या टोकाला, नव्यानंच राहायला आलेल्या मास्तरांचं. जुन्या भाडेकरूला आप्पांनी तार बसवून दिली होती. मास्तरांनी दार उघडलं, स्टूल घेतलेला म्हातारा बघितला, त्याच्या मागे गळ्यात मेजरटेप अडकवलेली बाई बघितली आणि गोंधळून विचारलं, "आपण कोण? आणि या?"

आप्पांनी डबा खाली ठेवला. पाठ ताठ केली, अगदी चोवीस वर्षं पाण्याच्या पेल्याबरोबर करायचे तशी.

"मी तुमच्या घरात चूक करून ठेवणारा," ते म्हणाले. "आणि ही आमची धाकटी. हिनं माझी बायको वाचवली. चहा टाका, सगळं सांगतो."